जे आधी संपेल ते

मोडतोड्याचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नव्हतं, आणि पगाराचा दिवस सोडला तर त्याची कुणाला गरजही पडत नव्हती. कपाटं, खुर्च्या आणि टेबलं बनवणाऱ्या त्या कारखान्यात तो चाचणीखोलीचा प्रमुख होता. म्हणजे बाकीचे लोक दिवसभर खपून जे बनवत, ते मोडायचा त्याला पगार मिळे. एक यंत्र खुर्चीच्या बैठकीवर सारखं वजन आपटत राही, दुसरं टेबलाचा खण उघडून बंद करत राही, आणि मोडतोड्या चष्मा कपाळावर ढकलून वाट बघत बसे. खण कधीतरी निखळेच. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरे की सुतारकाम विभागातल्या लोकांना त्याला बदडून काढावंसं वाटे.

या धंद्याने त्याची नजर पार बिघडवून टाकली होती. नवी वस्तू दिसली की ती कुठून मोडेल हे त्याला आधी दिसे. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तर सोफ्यावर बसण्यापूर्वी तो वाकून सोफ्याचे पाय बघून घेई. यजमानांना वाटे, बिचाऱ्याची चप्पल हरवली.

अशा माणसाने विजेवर चालणारी गाडी घेतली होती. घेतली म्हणण्यापेक्षा बायकोने घ्यायला लावली म्हणणं जास्त खरं. गाडी घरी आली त्या दिवसापासून तो तिच्याशी नव्या सुनेशी वागावं तसं जपून वागत होता. पूर्ण चार्ज करायची नाही, पूर्ण उतरू द्यायची नाही, उन्हात लावायची नाही, गारठ्यात एकदम पळवायची नाही. हे सगळं सांभाळायचं तर गाडी बाहेर न काढणं हाच सगळ्यात सोपा उपाय आहे, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. रविवारी तो तिला धूत असे. सोमवारी कारखान्यात बसने जात असे.

"जावईबापू," आप्पा एकदा खिडकीतून म्हणाले होते, "गाडी तुम्ही चालवायला घेतलीत का पाळायला?"

आप्पा म्हणजे त्याचे सासरे. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडे राहत. सगळं आयुष्य शिंपीकाम केल्यामुळे समोरच्या माणसाला वरपासून खालपर्यंत एका नजरेत मापायची त्यांना सवय होती. जावयाचं माप त्यांनी फार पूर्वीच घेऊन ठेवलं होतं.

तर अशी ही गाडी, आणि तिची मूळ वॉरंटी संपत आली. शोरूममधून एका मुलीचा फोन आला. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर येत्या शनिवारपर्यंत घ्यावी लागेल, नंतर कितीही विनवण्या केल्या तरी मिळणार नाही, असं तिने फार गोड आवाजात सांगितलं. झालं. मोडतोड्याचा जीव टांगणीला लागला.

वास्तविक बॅटरीला कंपनीने आधीच वेगळी, भरपूर वर्षांची हमी दिलेली होती. म्हणजे सगळ्यात मोठी काळजी दुसऱ्याच कुणीतरी परस्पर वाहून नेली होती. दुसरा असता तर सुटकेचा श्वास सोडून झोपला असता. पण मोडतोड्याला हे काळजीत हात आखडता घेतल्यासारखं वाटलं. मग त्याने उरलेल्या गाडीत शोधाशोध सुरू केली. मोटर होती, आतला चार्जर होता, एसीचा कॉम्प्रेसर होता, आणि गाडीच्या पोटातल्या सगळ्या बटणांचं काम एकटा करणारा तो भला मोठा स्क्रीन होता. तो बंद पडला तर काचसुद्धा खाली करता येणार नाही, या विचाराने त्याच्या अंगावर सुखद काटा आला.

घरात याच आठवड्यात आणखी एक गोष्ट ठरायची होती. खरं म्हणजे तीच एक गोष्ट ठरायची होती. त्याची बायको फिजिओथेरपिस्ट. लग्न झालं तेव्हापासून ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात संगणकापुढे बसणाऱ्या लोकांच्या आखडलेल्या माना सोडवत आली होती. काम वाईट नव्हतं, पण ती शिकली होती ते त्यासाठी नव्हतं. डोंगरापलीकडे एक पुनर्वसन केंद्र होतं. अपघात झालेली, पक्षाघात झालेली माणसं तिथे पुन्हा चालायला शिकत. त्या केंद्राने तिला बोलावलं होतं. पत्र आलं त्या संध्याकाळी ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती, आणि ती गुणगुणते हे आप्पासुद्धा विसरून गेले होते.

अडचण एवढीच की केंद्राच्या वेळेला जुळेल अशी बस नव्हती. घाटातून रोज गाडीने जावं लागणार होतं.

"गाडी मिळेल ना रे मला रोज?" तिने विचारलं होतं.

"बघू," मोडतोड्या म्हणाला होता.

या 'बघू'वर तो मनातल्या मनात चांगलाच खूश होता. त्यात हो नव्हतं, नाही नव्हतं, आणि कुणाला रागवायला जागाही नव्हती. बायकोला मात्र हा शब्द लग्नापासून परिचयाचा होता.

शुक्रवारी रात्री जेवताना त्याने आपला विचार मांडला. आठवडाभर डोकं शिणवून काढलेला विचार होता, त्यामुळे तो मांडताना त्याने घसाही खाकरला.

"त्या वॉरंटीत एक गोम आहे," तो म्हणाला. "इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी संपेल ते. आता तू रोज घाटातून जाऊन येणार म्हणजे किलोमीटर भराभर संपणार. वर्षं पडून राहतील आणि वॉरंटी अर्ध्यातच मरेल. पैसे पाण्यात."

"मग?" बायकोने विचारलं.

"मग मी असं बसवलंय की तू आठवड्यातून तीनच दिवस जा. केंद्रवाल्यांना विचार. नाहीतर सरळ एखादं वर्ष थांब. तोवर आपण गाडीही जरा पारखून घेऊ. म्हणजे वर्षं आणि किलोमीटर दोन्ही बरोबर एका वेळेला संपतील." हे सांगताना त्याच्या आवाजात खरोखर आनंद होता. खणाची कडी आणि खणाची पट्टी एकाच दिवशी तुटावी, असा हिशेब जुळला की त्याला असाच आनंद होई.

आप्पांनी घास हातात धरून जावयाकडे बघितलं, मग लेकीकडे बघितलं.

"बरं," बायको म्हणाली.

मोडतोड्याचा जीव भांड्यात पडला. एवढा गुंतागुंतीचा प्रश्न, आणि एका शब्दात मिटला! आपली बायको किती समंजस आहे, असं कौतुक करत तो हात धुवायला उठला. 'बरं' या शब्दात किती प्रकार असतात, हे एवढा संसार होऊनही त्याला कळलेलं नव्हतं. आप्पांना कळलं होतं. ते ताटात भात तसाच टाकून उठले, आणि अन्न टाकणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. मोडतोड्या शोरूममध्ये पोचला तेव्हा फोनवरची मुलगी त्याची वाटच बघत होती. तिने त्याला काचेच्या टेबलापाशी बसवलं, आणि गाडीत काय काय बिघडू शकतं ते सांगायला सुरुवात केली. चार्जरपासून सुरू होऊन ती मोटरवर आली, मोटरवरून स्क्रीनवर गेली, आणि स्क्रीनवरून अशा एका सेन्सरवर पोचली की ज्याचं नाव मोडतोड्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो मान डोलावत ऐकत होता. एखाद्याने मैफल ऐकावी तसा. एवढ्या आपुलकीने मोडतोडीबद्दल बोलणारं माणूस त्याला उभ्या आयुष्यात भेटलं नव्हतं.

"आमच्याकडे दोन प्लॅन आहेत सर," ती शेवटी म्हणाली. "कमी चालवणाऱ्यांसाठी छोटा, आणि जास्त चालवणाऱ्यांसाठी मोठा. तुमची गाडी साधारण किती चालते?"

"आत्ता तर चालतच नाही," मोडतोड्या अभिमानाने म्हणाला. "पण थांबा, एकदा घरी विचारतो."

त्याने बायकोला फोन लावला. "अगं, ते केंद्र नेमकं किती लांब आहे? आठवड्यातले तीन दिवस धरून प्लॅन निवडायचाय."

"छोटा घे," बायको म्हणाली.

"छोटा पुरेल?"

"पुरेल. मी सकाळीच फोन करून त्यांना नाही म्हटलं."

फोन बंद झाला. आणि मोडतोड्याच्या मनात जो पहिला विचार आला तो असा: चला, किलोमीटर वाचले.

तो त्याने स्वतःच ऐकला. कुणीतरी शेजारी बसून मोठ्यांदा बोलावं तसा ऐकला. त्याचे कान तापले. समोरच्या मुलीने ऐकलं की काय म्हणून त्याने चोरून तिच्याकडे पाहिलं, पण ती छोट्या प्लॅनचा कागद काढत होती.

चाचणीखोलीत एक पद्धत होती. प्रत्येक नव्या खुर्चीच्या दोन प्रती त्याच्याकडे येत. एक यंत्राखाली जाई. दुसरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवली जाई, पहिलीशी ताडून बघायला. तिच्यावर बसायची कुणालाही परवानगी नव्हती. एकदा एका लेखनिकाने जेवणाच्या सुट्टीत तिच्यावर जरा टेकून घेतलं तेव्हा मोडतोड्याने केवढं आकांडतांडव केलं होतं! त्या खुर्चीला कधीच काही होत नसे. वर्षानुवर्षं तशीच कोरी करकरीत राहून शेवटी ती भंगारात जाई, आणि तिच्यावर कुणीही कधीही बसलेलं नसे.

आपण गाडीची ती दुसरी खुर्ची करून टाकली, हे त्याला आप्पांच्या टोमण्यांमुळे थोडंफार माहीत होतं, आणि त्याची त्याला गंमतही वाटत आली होती. पण काल रात्री जेवताजेवता, घसा खाकरून, आपण बायकोलाही प्लास्टिकमध्ये गुंडाळायला निघालो होतो. आणि वर मनातल्या मनात तिला समंजस म्हणालो. त्याला स्वतःची शरम वाटली. चारचौघांत धोतर सुटावं तशी भरपूर, खणखणीत शरम.

"सर, मग छोटाच करू ना?" मुलीने पेन पुढे केलं. "आज शेवटचा दिवस आहे."

"हो ना," मोडतोड्या म्हणाला, आणि हातातल्या पेनासकट उठून चालू लागला. दारापर्यंत जाऊन तो परत आला, तिचं पेन तिला दिलं, आणि "तुम्ही फार छान समजावलंत" असं म्हणून पुन्हा गेला.

घरी बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या नेहमीपेक्षा चापूनचोपून बसत होत्या.

"मी नाही घेतली वॉरंटी," तो दारातूनच म्हणाला.

"का?"

"तू नाही म्हणालीस ना त्यांना. म्हणून."

बायकोने हातातला टॉवेल खाली ठेवला. "म्हणजे आता तेही माझ्यामुळे का? गाडी धुवायची तर मी सरकायचं, वॉरंटी घ्यायची तर मी थांबायचं, आणि नाही घेतली तरी माझ्याच नावावर?"

रस्ताभर मनात घोळवत आणलेली माफी अशी पहिल्याच वळणावर उलटली. मोडतोड्या खुर्चीत बसला. पाय न तपासता बसला.

"तसं नाही. ऐक," तो म्हणाला. "तू फोनवर नाही म्हणालीस ना, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? बरं वाटलं. किलोमीटर वाचले म्हणून. इतका गाढव माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि मी रोज आरशात बघतो."

"हे मला सांगायलाच हवं होतं?"

"नसतं सांगितलं तर तू मला चांगला समजली असतीस."

"एवढी काही काळजी नको करूस," बायको म्हणाली. पण तिच्या आवाजातली धार जरा कमी झाली होती. तिने खाली ठेवलेला टॉवेल उचलून पुन्हा घडी घातली. शेजारच्या खोलीत आप्पा पेपर वाचत होते, निदान पेपर त्यांच्या तोंडासमोर होता. पान उलटल्याचा आवाज मात्र केव्हापासून आलेला नव्हता.

"मलाही बरंच वाटलं होतं," ती शेवटी म्हणाली. "नाही म्हटल्यावर. मला त्या घाटाची भीती वाटते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही, आणि समोरून ट्रक. काल तू तीन दिवसांचं काढलंस तेव्हा मी भांडायला हवं होतं तुझ्याशी. चांगलं कडाक्याचं. पण मी बरं म्हटलं. तुझ्या वॉरंटीमागे लपायला जागा मिळाली मला."

मोडतोड्याला बायको भेकड असू शकते हे आजवर माहीत नव्हतं. तो मान आपलाच आहे, असं तो समजत होता. त्याला एकदम तिच्याबद्दल फार माया वाटली, आणि आपण तिला लपायला केवढी ऐसपैस जागा करून दिली होती, याचं वाईटही वाटलं. तो उठला आणि खुंटीवरची गाडीची किल्ली त्याने तिच्यापुढे धरली.

"चल."

"कुठे?"

"घाट बघायला."

"तू चालव मग."

"मी कशाला? मला कुठे तिथे नोकरी लागलीय?"

तिने किल्लीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पायात चपला सरकवल्या.

"आप्पा, येताय का?" मोडतोड्याने हाक दिली.

"तुम्ही जा जावईबापू," पेपरामागून आवाज आला. "मला अजून जगायचंय."

पायथ्यापर्यंत सगळं ठीक होतं. चढ लागला तशी बायको ताठ बसली आणि तिची नजर रस्त्याला चिकटली. मोडतोड्या तिच्या शेजारी दोन्ही पावलांनी नसलेला ब्रेक दाबत होता. सावकाश, डावीकडे, हॉर्न दे, असे शब्द त्याच्या जिभेच्या टोकापर्यंत येत होते आणि तो ते आवंढ्याबरोबर गिळत होता. एका आंधळ्या वळणावर समोरून दुधाचा टँकर आला. बायकोने गाडी डावीकडे घेतली. जरा जास्तच घेतली. डोंगराच्या बाजूला दगडी भिंत होती, आणि तिच्या अंगाला अंग घासत गाडी पुढे गेली. तो आवाज मोडतोड्याने दातांनी ऐकला.

पुढे रस्ता रुंद होता तिथे तिने गाडी थांबवली. मोडतोड्या खाली उतरला. पुढच्या दारापासून पार मागच्या चाकापर्यंत रंग सोलवटून निघाला होता आणि आतला पत्रा दिसत होता. त्याने ओरखड्यावरून बोटं फिरवली. गेला आठवडाभर तो मोटरला घाबरला होता, स्क्रीनला घाबरला होता, कधी न ऐकलेल्या सेन्सरलाही घाबरून घेतलं होतं. भिंत त्याच्या डोक्यातच आली नव्हती. आणि ती छोट्या प्लॅनमध्ये बसली नसती, मोठ्यातही नाही. त्याला खरंच रडू येत होतं, आणि मोडलेल्या वस्तूंवर पोट भरणाऱ्या माणसाला एका ओरखड्याने रडू यावं, याचं त्याच वेळी हसूही येत होतं.

बायको आत तशीच बसून होती. तिने स्टिअरिंग घट्ट धरलं होतं.

"परत जाऊया," ती पुढे बघतच म्हणाली. "मला नाही जमणार."

एक शब्द बोलायचा अवकाश होता. 'बरं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. गाडी घरी गेली असती, रंग लावून घेतला असता, आणि पुढच्या रविवारी ती पुन्हा धुता आली असती.

"इथे कुठे वळणार?" मोडतोड्या आत येऊन बसला. "वळायला जागा आता एकदम केंद्रापाशी."

हे साफ खोटं होतं. ते थांबले होते तिथे दोन ट्रक आरामात वळले असते. बायकोने आरशात पाहिलं, मागची ती एवढी मोठी मोकळी जागा पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. तो निरागस चेहरा करून पट्टा लावत होता. तिने गाडी पुढे काढली.

केंद्राच्या आवारात झाडाखाली दोन लांब दांडे बसवलेले होते आणि एक उंच माणूस ते धरून चालायचा प्रयत्न करत होता. बायकोने दारासमोरच गाडी उभी केली. ती उतरली. क्षणभर ती त्या माणसाच्या पावलांकडे बघत राहिली.

"टाच आधी टेकवा," ती म्हणाली. "घाई नाही. टाच, मग बोटं."

त्या माणसाने वर पाहिलं, आणि कोण कुठली हे न विचारता टाच आधी टेकवली.

पायऱ्यांवरून केंद्राच्या प्रमुख बाई खाली आल्या. "तुम्ही ना? सकाळी तर फोनवर नाही म्हणालात," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर गाडीकडे गेली. "अरे बापरे. हे कुणी केलं?"

त्यांनी विचारलं ते मोडतोड्याकडे बघून. त्याने तत्परतेने तोंड उघडलं. हा दोष तो अगदी आनंदाने स्वतःवर घेणार होता.

"मी," बायको म्हणाली. "आत्ताच, येताना. सोमवारपासून मला रोज याच रस्त्याने यायचंय. जागा अजून असेल तर."

"जागा आहे," बाई म्हणाल्या. "पण आधी गाडी जरा लांब लावा. इथे माणसं चालायला शिकतात."

मोडतोड्याने किल्लीसाठी हात पुढे केला. पण बायको तोवर गाडीत जाऊन बसलीसुद्धा होती, आणि काच खाली करून त्याला बाजूला हो म्हणत होती.